दिनकररावांचे तास

१५ जून, सोमवार
नोकरी लागली! त्रेसष्टाव्या वर्षी! सुकन्या म्हणते, आई, आता घरी बस ना यार. बसते कसली. सरकारी खात्यात टायपिंग करता करता माझी मीच इंग्रजी शिकले, कॉम्प्युटर शिकले, ते काय भेंड्या चिरायला? ऑडिटरांचं ऑफिस इथेच, राजधानीतल्या आमच्याच द्वारका उपनगरात, ई-रिक्षाने दहा मिनिटं. मालक उदयसिंह कोल्हापूरकडचे, मला मावशी म्हणतात. काम पारदर्शकता अहवालाचं. ज्या कंपन्यांत जनतेचा पैसा असतो, त्या तपासणाऱ्यांनी स्वतःचीही माहिती उघड करायची: फाइल कोणी पाहिली, किती तास, कुणाशी लागेबांधे तर नाहीत ना. ३० तारखेपर्यंत वेबसाइटवर. बाई, मला तर हा नियम फार आवडला.

१७ जून
एका विमा कंपनीच्या फेरतपासणीवर दिनकररावांचं नाव, ११४० तास. त्यांचं हमीचं पत्रक मात्र फाइलीत नव्हतं. उदयसिंह म्हणाले, ते घरून काम करतात, मेल टाका. टाकली. माझा चहा संपायच्या आत सहीसकट पत्रक हजर: मी ही फाइल संपूर्णपणे तपासली असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही! किती तत्पर माणूस.

२२ जून
आभार मानायला त्यांच्या घरी फोन केला. पत्नी सुहासिनी बोलल्या. ते फेब्रुवारीतच गेले म्हणे. विमा कंपनीचे आकडे खोटे आहेत म्हणून सही नाकारून घरी आले आणि ताटावरच कोसळले.
डोकं फिरलं माझं. शेजारच्या लष्करी छावणीतल्या माझ्या ओळखीच्या किती बायांनी त्या कंपनीत पोरींच्या लग्नाचं ठेवलंय! उदयसिंहांना तोंडावर सुनावलं, लाज नाही वाटत, मेलेल्याची सही करता? ते हसले. नियमाला नाव लागतं मावशी, माणूस नाही, म्हणाले. मग सही कोण करतं, विचारलं. हसू मावळलं. म्हणाले, आम्ही नाव तेवढं छापतो. बाकीचं आपोआप येतं.

२४ जून
दिनकररावांचं नाव खोडलं. लगेच मेल, एकच ओळ: उपकार झाले ताई, आता उठतो.
समोरच्या रिकाम्या खुर्चीची दबलेली गादी हळूच वर आली. भर दुपारी.

२६ जून
अहवालात त्यांच्या जागी माझं नाव. प्रमोदिनी, ११४० तास. मी ती फाइल उघडलीसुद्धा नाही! उदयसिंह म्हणे, जागा तुम्हीच रिकामी केलीत ना? निर्लज्ज मेला. राजीनामा टेबलावर आपटून आले.

२८ जून, रविवार
सुकन्या रडत होती. दिवसभर कुठे होतीस आई, फोन का उचलत नाहीस? अगं, इथेच तर होते, पोळ्या लाटत, तुझ्यासमोर. ती म्हणते, घरात कोणी नव्हतं.
तास भरून घेताहेत— माझ्यातून—

२९ जून
चप्पल घालत होते. एकदम ऑफिसातली ती खुर्ची. मधलं काही आठवत नाही. उठता येत नाही. उदयसिंह शेजारून जातात, बघत नाहीत. हाक मारली— शिव्या घातल्या—

३० जून
आज चढवणार वेबसाइटवर. नाव खोडते, परत येतं. पर्समधली ही वही आहे, खरं इथे लिहिते. विमा कंपनीचे आकडे खोटे आहेत. दिनकररावांनी सही केली नव्हती. मीही—
मी ही फाइल संपूर्णपणे तपासली अस—
नाही! हे मी नाही लिहीत! सुकन्या, वही घे, त्या बायांना जाऊन सांग, एकेकीला, आपापले पैसे—
माझ्यावर कोणाचाही दबाव ना