माझाच नंबर, पुन्हा पुन्हा

३ मार्च, सोमवार
आजपासून संताप बंद. बायकोने बजावलंय.
ऑफिसला इंटरनेटच्या दोन लाइनी, एक जाड, एक बारीक. बाहेरून येणारं जवळजवळ सगळं मात्र बारकीतूनच घुसतं, आणि ग्राहकांचे कॉल अर्ध्यावर तुटतात. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर नेटवर्कचा चार्ज माझ्या हाताखालच्या नव्या पोराकडे, त्या चष्मिष्टाकडे. हसलो. पंधरा वर्षं काय गोट्या खेळलो?
उपाय सोपा. बारक्या लाइनीवरून जगाला आपली वाट सांगताना त्यात आपल्या नेटवर्कचा नंबर तीनदा जास्त लिहायचा. वाट लांब दिसते, जग मुकाट जाड लाइनीने येतं. जेवणाआधी उरकलं. डोळे मिटून होणारं काम.

४ मार्च
उलटंच. जाडीतून जे थोडंफार यायचं तेही बंद. जाडीवाली कंपनी मठ्ठ. नंबर पाच वेळा केला. मठ्ठांना मोठ्याने सांगावं लागतं.
सासऱ्यांना बजावलं होतं, पुलावरून या. बाजारातून आले. वर म्हणे, "जावईबापू, आपला ओळखीचा रस्ता बरा." जगात कुणी ऐकतच नाही.

५ मार्च
दहा वेळा. तरी ढिम्म. एका ग्राहकाने साहेबांना बराच वेळ नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकवलं.
चष्मिष्ट म्हणाला, सेटिंग एकदा दोघं मिळून बघू या का. त्याला त्याची जागा दाखवली. खिडकीजवळची.

६ मार्च
जाडीवाल्यांना सणसणीत मेल. निष्काळजी, बेजबाबदार, दोन्ही शब्द दोनदा. कॉपी साहेबांना आणि अख्ख्या विभागाला. कळू दे, कोण जागा आहे ते.
हा संताप नव्हे. ठामपणा.

७ मार्च, शुक्रवार
त्यांच्या इंजिनिअर बाईंचं उत्तर. अख्ख्या विभागाला कॉपी. "सर, तुमचा नंबर तुम्ही आमच्याच लाइनीवर दहा वेळा लावलाय. वाट लांब दिसते, म्हणून सगळे टाळतात. इथून काढून दुसऱ्या लाइनीवर लावा."
चष्मिष्टाने लावला. तीनदाच. चहा निवायच्या आत सगळं जग जाड लाइनीने आलं.
चार्ज त्याला. साहेब मला म्हणाले, "तुम्ही मेल छान लिहिता." सोमवारपासून ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं मी देणार.
येताना पुलावर अडकलो. सासरे बाजारातून फेरफटका मारून केव्हाच घरी पोचले होते.
बायकोने विचारलं, चिडलात का. नाही म्हणालो. दहा वेळा म्हणालो.