उरवलेला भात

३ जून
शुद्धलेखन चुकलं तर सॉरी. शाळा आठवीत सुटली, आणि एका बोटाने टाइप करते, म्हणून वेळ लागतो. वाचणारं कोणी नाही. तरी सॉरी.
आज कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अर्धं पातेलं भात कचऱ्यात ओतला. कसंतरीच झालं. मावशी इथली मुख्य आचारी. मी तिच्याकडेच राहते, तिच्याच हाताखाली काम. तिला विचारलं, उरलेलं मागच्या गेटवर भुकेल्यांना वाटू? म्हणाली, वाट बाई, पुण्य लागेल. ठरलं. यापुढे एक दाणा फुकट जाणार नाही.

४ जून
वाटायचं तर हाक मारावी लागते, ते मला जमेना. पातेलं गेटपाशी ठेवून भिंतीमागे उभी राहिले. टोपीवाले आजोबा आले, जेवले, पातेलं घासूनही ठेवलं. प्रोजेक्ट सुरू!

९ जून
सात जण. वॉचमनकाका म्हणाले, अगं, तोंडाला कुलूप लावलंय का, दोन शब्द बोल की. मी हसले. बहुतेक मनातच.

१४ जून
कचऱ्याचा डबा रिकामा. मॅनेजरसाहेब खूश. म्हणाले, म्हणजे आपण जास्तच शिजवत होतो, उद्यापासून चार किलो तांदूळ कमी. माझ्यामुळे!

१५ जून
काहीच उरलं नाही. गेटवर अकरा जण. एक बाई कडेवरच्या पोराला सांगत होती, थांब हं, ताई आणतेय. ताई म्हणजे मी. भिंतीमागे होते.

१६ जून
उपाय सापडला. तांदूळ मीच धुते, मीच शिजत लावते. चार किलो जास्त घातला. मस्त उरला. ही चोरी नाही. उरलेलंच वाटतेय, फक्त आधी उरवावं लागतं.

२० जून
कमी पडू नये म्हणून सहा किलो जास्त. नेमके आज चारच जण आले. दीड पातेलं कचऱ्यात. वरून भाजीची सालं पसरली. आजचा दिवस धरायचा नाही.

२४ जून
तांदळाचं पोतं महिना संपायच्या आधीच संपलं. साहेबांनी मावशीला सगळ्यांसमोर विचारलं, घरी नेता का? ती म्हणाली, बावीस वर्षं झाली साहेब, चिमूटभर मीठ नेलं नाही. घरी मला म्हणाली, तुला काही माहितीय का गं? मी म्हटलं, कपडे वाळलेत, घड्या घालू?
उद्या साहेबांना सांगणार. नक्की. पाठ केलंय.

२५ जून
साहेब फोनवर होते. मध्येच बोलणं बरं नाही. उद्या.

२६ जून
साहेबांकडे गेले. दारात उभी राहिले. साहेब म्हणाले, बोल. मी म्हटलं, चहा आणू? आणला. चांगला झाला होता.

२७ जून
मावशीला काढलं. तिने किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. जाताना म्हणाली, भात उतरव गं, तळाला लागेल. साहेब म्हणाले, नवीन आचारी येईपर्यंत हिलाच बघू दे, गरीब पोरगी आहे, कशात नसते. मी मान हलवली. मनात सगळं सांगून टाकलं.
घरी मावशी भिंतीकडे तोंड करून झोपलीय. चूल पेटली नाही.
तिला एवढंच सांगितलं, समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट आज सुरू झाली. आठ महिन्यांनी.