‘सोडा’ म्हणायचं राहिलं

४ जानेवारी
देवाला हात जोडून नव्या नोकरीवर हजर झालो. पन्नाशीला टेकल्यावर पांढरा कोट अंगावर चढला! इथे लिव्हरमधली गाठ पोट न फाडता जाळतात. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बरगड्यांमधून सुई घालतात, टोक तापवतात, गाठ आतल्या आत शिजते. सुई जाताना लिव्हर हलता कामा नये. म्हणून मी रुग्णाच्या उशाशी उभं राहून म्हणायचं, “धरा.” श्वास धरायचा. सुई बसली की, “सोडा.” गावच्या शाळेतल्या कवायतीचा आवाज कामी आला. मोठ्या सिस्टरनी दुपारपर्यंत माझं बारसंही उरकलं: धरासोडाकाका.

११ जानेवारी
आज एक निवृत्त मास्तर होते. लेक दाराबाहेर. मास्तर मला म्हणाले, जन्मभर पोरांना गप्प बसवलं, आज तुमची पाळी. तुम्ही ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडणार नाही, बघाच. आम्ही हसलो. मी “धरा” म्हणालो. सुई आत गेली आणि पडदा काळा झाला. डॉक्टर ओरडले, सगळे मशीनकडे धावले. मीही. वळून पाहिलं तेव्हा मास्तरांचे ओठ निळे, गाल फुगलेले, डोळे माझ्यावर.

१२ जानेवारी
डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, मास्तरांचं हृदय बंद पडलं. सिस्टर म्हणाल्या, काका, जीभ जपा, नोकरी तिच्यावरच आहे. लेकीने विचारलं, बाबा शेवटी काय म्हणाले? मी सांगितलं, देवाचं नाव घेतलं. खोटं बोलायला मला देवच सापडला.

१५ जानेवारी
मी “सोडा” म्हणतो, रुग्ण श्वास सोडतो. पण माझ्या पाठीमागे आणखी कोणीतरी अजून धरून असतं.

१८ जानेवारी
पडद्यावर लिव्हर नव्हतंच. गाल फुगलेला चेहरा. डॉक्टर म्हणाले, छान, गाठ अगदी स्पष्ट दिसतेय.

१९ जानेवारी
जपाला बसलो. नाव ओठांपर्यंत आलं — पुढे श्वासच नाही. मानेमागून मास्तरांचा आवाज, हळूच — “धरा.”

२० जानेवारी
मास्तरांची लेक आलीय. समोरच्या बाकावर. बाबांचा चष्मा इथेच राहिला म्हणते. खरं सांगायला तोंड उघडलं — श्वास सुटत नाही — म्हणून लिहितोय. ताई, चूक माझी. ते वाट बघत राहिले. हे मोठ्याने वाचा, त्यांना ऐकू जाईल — तो एक शब्द — माझ्याच्याने आता — म्हणा, ताई — सो