आमच्या घरातला रोजचा डाव

कोट्टयम,
मे महिन्यातला एक घामट मंगळवार

प्रिय आनीचेचीला,

येशूची स्तुती असो. धाकट्या बहिणीचा, रेबेकाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आमचे भाऊजी बेबीचायन अजून डॉक्टरांना शिव्या देत चोरून बदकाचं रोस्ट खातात का? (खात असतील तर तब्येत ठणठणीत आहे असं मी समजते.) तुझा जिट्टो सुट्टीत दिवसभर उंडारतो, असं तू लिहिलंस. उंडारू दे गं, वयच आहे.

आमच्याकडे सगळे जिवंत आहेत, पण मासिकवाल्यांची इच्छा तशी दिसत नाही. जॉर्जीनं काढलेला खेळ तुला ठाऊकच आहे. पुठ्ठ्याचं केळीचं पान, त्यावर सणाच्या सद्येच्या जेवणातला एकेक पदार्थ आपापल्या जागी वाढायचा. पोरांना डावं-उजवं, मोजणी, सगळं खेळता खेळता येतं. शाळा उघडायच्या अंकात एखाद्या पालक-मासिकानं त्यावर चार ओळी छापल्या तर आमची चिमुकली कंपनी तग धरेल. नाहीतर जॉर्जी शेडला कुलूप लावून भावाकडे मस्कतला टायर विकायला जाणार. तिकडे गेलेला माणूस दोन वर्षांनी एकदा येतो, तोही पोट सुटून. मला नवरा इथेच हवाय, चेची. म्हणून खोकी काखोटीला मारून प्रचाराला मीच निघाले.

पहिल्या संपादिका वारियरबाई, त्रिशूरच्या. बालसंगोपनावर दर महिन्याला लिहितात, आणि त्यांच्या कचेरीत लहान मूल दिसलं तर शिपाई हाकलून देतो. खोकं उघडताच किंचाळल्या, "अहो, पापडाची जागा चुकलीय!" मी मुकाट्यानं घरी आले, जॉर्जीनं पापड हलवला. तो नवा खेळ घेऊन दुसऱ्या मासिकात गेले, तर तिथले पिळ्ळेसाहेब तिरुवनंतपुरमचे, त्यांच्याकडची वाढायची रीत निराळी. "हे पान मांडलं कुणी? पापड इथे ठेवतात होय?" म्हणजे पापड पुन्हा मूळ जागी. (या दोघांना एकाच लग्नात शेजारी बसवायला हवं, पंगत उठायचीच नाही.) वर साहेबांनी विचारलं, "मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला याचा काय उपयोग? आमचे वाचक तेवढंच विचारतात." खेळ चार ते आठ वर्षांच्या पोरांचा!

कसले हे पालक! पोराचा दुधाचा दात हलतोय आणि हे त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायला निघाले. मासिकंही तसलीच. मुखपृष्ठावर 'मुलांना खेळू द्या', आणि आत पानोपानी क्लासच्या जाहिराती. लाज म्हणून काही नाही.

तिसऱ्या मासिकाच्या लिसीबाईंनी मात्र पापडाकडे बघितलंसुद्धा नाही. (त्यांच्या घरी ओणमचं जेवणही हॉटेलातून येतं.) दोन पानं देते म्हणाल्या, फोटोसकट! अट एकच, खेळ बनवणाऱ्यांचंच कुटुंब घरात हसत-खेळत दिसलं पाहिजे. मागच्या अंकातलं सुखी कुटुंब वाचकांनी डायपरच्या जाहिरातीत ओळखलं, तेव्हापासून बाई सावध आहेत. "तुम्ही घरी खेळता ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "रोज संध्याकाळी! मुलगी जेवायलासुद्धा उठत नाही." शनिवारी दुपारी फोटो काढायला येतायत. असल्या दिखाऊ लोकांना कसं गुंडाळायचं ते मला आता चांगलं कळलंय.

बेबीचायनना नमस्कार, जिट्टोला गोड पापा.

तुझी,
रेबेका

ता. क. शनिवारी आमच्या राहेलला सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लास असतो. तिसरीत असली म्हणून काय झालं, मेडिकलचा पाया आत्ताच घालावा लागतो; एक दिवस बुडवला की मागे पडते. तेव्हा शुक्रवारच्या बसनं बेबीचायनबरोबर जिट्टोला पाठव. लिसीबाईंना मी 'मुलगी' म्हणाले होते खरं, पण ते ऐकण्यातली चूक म्हणून खपवेन. त्याला फोटोपुरतं मला अम्मा म्हणायला शिकव.

ता. क. २. ईस्टरला दिलेलं खोकं त्यानं खेळून खेळून झिजवलं, असं तू म्हणाली होतीस. मग नियम त्याला नक्की येत असतील. जॉर्जी सोडला तर आमच्यापैकी कुणालाच येत नाहीत.

ता. क. ३. राहेल आत्ता पत्रात डोकावून गेली. "फोटो काढून झाला की डाव तसाच मांडून ठेवशील, अम्मा?" असं विचारत होती. मी नाही म्हटलं. क्लासवरून आली की गृहपाठ असतो.