मशीनजवळच्या खिडकीसाठी

इंदिरानगर, बेंगळूर

ती. आईस, शिवलीलाचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. काचांना शिशाच्या पट्ट्या बसवल्या की साबणाने हात धुते, मगच जेवते. बोटांवर चिरा एक-दोनच आहेत.

पहिल्याच कामात रंगीत काचा अर्धा इंच जास्त कापल्या. ब्लाउजला तू शिवणीची जागा सोडतेस ना, तश्शा! एकही चौकटीत बसेना. आमच्या शिकवणाऱ्या रूपश्री अक्का हसल्या. "काप मात्र सरळ आहे. कुणी शिकवलं?" मी तुझं नाव सांगितलं. काचा त्यांनी मलाच दिल्या.

त्या काचांचं तुझ्या मशीनजवळच्या खिडकीसाठी तावदान केलंय.

डोळे कसे आहेत? खरं सांग. मधली काच मी बिनरंगाची ठेवलीय. सुईत दोरा ओवायला तुला उजेड हवा.

तुझीच,
शिवू