चार भोकांचं ऑपरेशन

घाटंजी, रविवार

प्रिय प्रफुल्ल,

सप्रेम जयभीम. तुझी ताई आता ठणठणीत आहे. फोनवर माझ्या आजाराचं नाव काढलं की तुला लगेच कापसाचा भाव आठवतो, म्हणून लिहायला बसले. आता मुकाट्यानं वाच.

नागपूरला जाताना मी भीतीनं अर्धी झाले होते. आतड्याचा कॅन्सर म्हटल्यावर पोट उभं फाडतील असंच डोक्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला चार भोकं पाडली, गॅसनं पोट फुगवलं, एकातून दुर्बीण घातली आणि पडद्यावर बघत गाठ असलेला आतड्याचा तुकडा सोडवला. तो बाहेर काढायला बेंबीपाशी चार बोटं चीर दिली आणि आतड्याची टोकं जोडून टाकली. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात चालत होते, आणि घरी पाण्याचा पेलाही न उचलणारे तुझे भाऊजी सलाईनची बाटली धरून माझ्यामागे! फार बरं वाटलं रे मला.

घरी आले तर वेगळीच गंमत. शेजारची मथुराबाई बघायला आली, खुणा पाहिल्या नि तिचा चेहराच पडला. "एवढुश्या भोकातून कॅन्सर निघते काय वं? फसवलं तुले डॉक्टरनं!" गल्लीभर आता हेच चाललंय. यंदा बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला, तरी वेचणीहून परतताना बायका माझ्या खाटेपाशी टेकतात, नि मी मजेत असते. गाठ लवकर सापडली म्हणून एवढ्यावर भागलं.

परवा तुझी दीपा येऊन गेली. तुला किती महिन्यांपासून रक्त पडतंय, ते तिनं सांगितलं. "मूळव्याध हाये म्हणतेत, ताई, वैद्याच्या पुड्या खातेत. माह्यं ऐकूनच नाही राह्यले," म्हणत रडली. तिच्यावर चिडू नकोस.

मलाही आधी मूळव्याधच वाटली होती. घरात आणखी कुणाला काही होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आमचे बाबा मूळव्याधीनं वाळून वाळून गेले. त्या लिहिता लिहिता थांबल्या. मूळव्याधीनं माणूस असा वाळत नाही, म्हणाल्या. प्रफुल्ल, बाबा लाजेपायी शेवटपर्यंत कुणाला दाखवायला गेले नाहीत. तुझी तपासणी ठरवून टाकली आहे. गुरुवारी मी नेरला तुझ्या घरी येते, तिथून दोघं नागपूरला जाऊ. लाजायचंच असेल तर बसमध्ये माझ्याशेजारी बसून लाज.

तुला सोबत घेतल्याशिवाय न परतणारी,
तुझीच,
विमलताई