ताईंच्या हातचा नारळ

मंगळवार, दिवेलागण

वडिलांमागं रेणुकाईची पूजा मीच करतोय, पण असं कधी पाहिलं नाही.

उद्या फॉर्म भरायचा म्हणून आमदार ताई नारळ घेऊन देवळात आल्या. बाईनं नारळ फोडायचा नाही, ही आपली रीत. मागच्या दोन्ही निवडणुकांत उमेदवार ताई, पण नारळ दिराच्या हातचा. आजही मी सवयीनं तो दिरापुढंच धरला. ते लोकांकडं वळून म्हणाले, "वहिनी थकल्या आता. यंदा मीच उभा राहतो."

ताईंना हे ठाऊकच नव्हतं. चेहराच सांगत होता. त्यांनी माझ्या हातातून नारळ घेतला.

"वहिनी, लोकं पाहून राह्यले!"

"पाहू द्या भाऊजी. थकलेल्या बाईचा हात कसा बसतो, ते बी पाहू द्या."

एका घावात दोन शकलं.

नारळ नासका निघावा, असं क्षणभर माझ्या मनात आलं. का आलं? खोबरं तर पांढरंशुभ्र निघालं.

"घ्या गुरवदादा, प्रसाद." पहिला तुकडा ताईंनी माझ्याच ओंजळीत ठेवला. घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलाय. तोंडात टाकायचं धाडस अजून झालं नाही.